कन्नडवाचून कुणाचं अडत नाही?

‘बंगळुरात कन्नडवाचून काही अडत नाही.’ इथं नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींकडून हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, लातूर इथून ही मुलं येतात आणि व्हाइटफील्ड, बेलंदूर, एचएसआर लेआउट, इलेक्ट्रॉनिक सिटी अशा भागांत राहतात. हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि बहुतेकांच्या मनात कन्नड माणसाबद्दल आकस नाही. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. आकसाने बोलणाऱ्याशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

त्यांचं म्हणणं मी शक्य तेवढ्या प्रामाणिकपणे मांडतो. ऑफिसात इंग्रजी चालतं. रिक्षावाला, दुकानदार, घरकामाच्या मावशी यांना हिंदी समजतं. उरलेलं फोनवरच्या अॅपने भागतं. भाषा हे संवादाचं साधन. एक साधन हाताशी असताना दुसरं कशाला? शिवाय इथं दोन-तीन वर्षंच काढायची आहेत, पुढे पुण्याला किंवा परदेशी जायचं आहे. भारतात कुठेही राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे, त्याला भाषेची अट नाही. आणि वाद तापला की शेवटी बेळगाव निघतं. तिथं मराठीचं काय चाललंय ते आधी बघा, मग आम्हाला कन्नड शिकायला सांगा.

यातलं एकही म्हणणं मूर्खपणाचं नाही. पण एकही मला पटत नाही.

आधी ‘अडत नाही’ हेच घेऊ. काम अडत नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण ते अडू नये म्हणून मेहनत कोण करतं? रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडून पोट भरायला आलेली बाई दिवसाला चार-पाच घरची धुणीभांडी करते. एका घरात हिंदी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात इंग्रजी शब्दांची सरमिसळ. मालकिणीचा चेहरा वाचत, शब्द वेचत ती सगळीकडे निभावून नेते. शाळा तिने कधीच सोडलेली असते, भाषेची शिकवणी तिला कुणी लावलेली नसते, आणि या जास्तीच्या कामाचा एक रुपयाही तिला मिळत नाही. मंड्या किंवा तुमकुरूकडून आलेल्या रिक्षावाल्याचंही तेच. फाटकावरचा आसामी किंवा ओडिया रखवालदारसुद्धा कामापुरतं कन्नड बोलायला लागतो, कारण टँकरवाला, कचऱ्याची गाडी, विजेचा लाइनमन यांच्याशी त्यालाच बोलावं लागतं. त्या इमारतीत नवी भाषा न शिकता सुखाने राहू शकतो तो सगळ्यांत जास्त शिकलेला आणि सगळ्यांत जास्त पगाराचा माणूस. दोन भाषांमधलं अंतर कुणाला तरी चालून जावंच लागतं. बंगळुरात ते नेहमी कमी पगाराच्या माणसाने चालून जायचं, असं न ठरवता ठरून गेलं आहे. आणि त्याच्या जोरावर आपण म्हणतो, काही अडत नाही.

माझा मुख्य आक्षेप हा आहे. अस्मितेच्या गोष्टी मागाहून येतात. बावीस-तेवीस वर्षांचं आयुष्य शिक्षणात घालवलेल्या माणसाने चौथी शिकलेल्या बाईवर आपल्या भाषेचं ओझं टाकावं आणि त्याला सोय म्हणावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय अडत नाही हेही पुरतं खरं नाही. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये उतरवून घेतात आणि खाली सही मात्र तुमची असते. जमिनीचे उतारे, महापालिकेच्या नोटिसा, तालुका कचेरीतले कागद कन्नडमध्ये असतात. घर किंवा प्लॉट घेताना दलाल सांगेल त्यावर विश्वास ठेवून सह्या करणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत, आणि ऑफिसात हीच माणसं साध्या करारावरही कायदा विभागाचं मत मागवल्याशिवाय पुढे जात नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या हजारो कूपनलिका आटल्या. तेव्हा टँकरवाल्याशी आणि पाणीपुरवठा मंडळाच्या माणसांशी बोलायला इमारतीत कन्नड येणारं कोण आहे, याची शोधाशोध झाली.

आणि अडतं ते एवढ्यापुरतंच नाही. खड्डे, कचरा, तुंबलेले नाले यांवर बंगळूरचा सुशिक्षित स्थलांतरित सतत संतापलेला असतो, आणि तो संताप इंग्रजीत व्यक्त करतो. या शहराच्या महानगरपालिकेची मुदत २०२० च्या सप्टेंबरात संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. २०२५ मध्ये पालिका मोडून पाच महापालिका आणि त्यांच्यावर एक प्राधिकरण अशी रचना आली. एवढी मोठी उलथापालथ झाली, तिची चर्चा कन्नड वर्तमानपत्रांत, वॉर्डावॉर्डातल्या बैठकांत, चहाच्या टपऱ्यांवर झाली. आपल्या मुलांना त्यातलं किती कळलं? ज्या शहराचा राग येतो त्या शहराचं बोलणंच कळत नसेल, तर तो राग कुणाच्या कानावर जाणार?

यावर उत्तर येतं की आम्ही कर भरतो, हे शहर आम्हीच मोठं केलं. हे मात्र मी शांतपणे ऐकून घेऊ शकत नाही. कराचा हिशेब काढायचाच तर प्राप्तिकर केंद्राच्या तिजोरीत जातो. पगारातून राज्याला थेट जाणारा व्यवसाय कर महिन्याला दोनशे रुपयांच्या घरात आहे. खरेदीवरचा कर ती धुणीभांडी करणारी बाईही देते. आणि शहर मोठं कुणी केलं? शिवनसमुद्रला कावेरीच्या धबधब्यावर १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने वीज निर्माण केली आणि १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते विजेने उजळले. टाटांच्या कल्पनेतली विज्ञान संस्था १९०९ मध्ये इथं उभी राहिली ती म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली म्हणून. पुढे १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट आलं, १९४८ मध्ये टेलिफोनचा कारखाना, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. कुशल कामगारांच्या आणि तंत्रज्ञांच्या दोन पिढ्या इथं तयार झाल्या. इलेक्ट्रॉनिक सिटीची जागा सत्तरच्या दशकात राज्य सरकारच्या केओनिक्स या कंपनीने आखली, तेव्हा तिथं शेतं होती. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला आली ती या सगळ्यानंतर. आजही नळाला येणारं कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर चढवून आणलं जातं, आणि त्या पाण्यावर मंड्याच्या ऊसवाल्या, भातवाल्या शेतकऱ्याचाही हक्क आहे. आपण या शहरात भर घातली, यात शंका नाही. पण आपण आलो तेव्हा ताट वाढलेलं होतं.

आता ‘दोन-तीन वर्षंच तर आहोत’. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात आणि खासगी क्लासात जर्मन शिकणाऱ्या मुलांची गर्दी बघा. ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्या चढताना पैसे मोजतात, ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी शब्द घोकतात, नामाचं लिंग पाठ करतात. जपानीच्या परीक्षांचंही तसंच. बर्लिनमधल्या कित्येक कंपन्यांत इंग्रजीवर काम होतं हे त्यांना माहीत असतं. तिथंही आधी दोन-तीन वर्षांचाच विचार असतो. तरी शिकतात, आणि चांगलंच करतात. तिथल्या दुकानात, सरकारी कचेरीत, डॉक्टरकडे त्यांची भाषा यायला हवी, असं त्यांना मनापासून वाटतं. जर्मन शिकणं ही सक्ती आहे, संकुचितपणा आहे, असं मी आजवर एकाकडूनही ऐकलं नाही. मग हाच मुलगा होसूर रोडवर उतरला की भाषा निव्वळ साधन कशी होते? मला याचं एकच उत्तर दिसतं आणि ते कडू आहे. श्रीमंत देशाची भाषा शिकणं ही प्रगती आणि शेजारच्या राज्याची भाषा शिकणं ही कटकट, असं आपण मनाशी आधीच ठरवून टाकलं आहे. वेळ नाही हे कारण नंतर शोधलेलं आहे.

अवघड आहे म्हणाल, तर मराठी माणसाला कन्नड जर्मनपेक्षा कितीतरी सोपं आहे. लिपी वेगळी आहे, तेवढाच पहिला डोंगर. वाक्य मात्र आपल्याच वळणाचं असतं. आपण ‘जाऊन ये’ म्हणतो तसं कन्नड माणूस ‘होगि बा’ म्हणतो; ‘करून टाक’ला ‘माडिबिडु’; ‘येतो म्हणून सांगितलं’ याची जुळणी जशी, तशीच ‘बर्तीनि अंत हेळिद’ची. ‘पुस्तकबिस्तक’ला तिथं ‘पुस्तकगिस्तक’. शतकानुशतकांच्या शेजारातून दोन्ही भाषांची हाडं जुळून आली आहेत. हिंदी भाषकाला जे मुद्दाम शिकावं लागतं ते आपल्याला ओळखीचं वाटतं. एक अडचण मात्र खरी आहे आणि ती कन्नड मित्रांना सांगायला हवी. आम्ही अडखळत कन्नड बोलायला लागलो की तुम्ही सौजन्याने लगेच इंग्रजीवर किंवा हिंदीवर येता. कृपा करून येऊ नका. आमची तुटकी वाक्यं जरा सोसा.

सक्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २०२३ च्या २७ डिसेंबरला इंग्रजी पाट्या फोडत जे आंदोलन झालं ते मला मान्य नाही. दुकानाच्या काउंटरवर कुणाला गाठून, कॅमेरा रोखून कन्नड बोलायला लावणं हा अपमान आहे. २०२४ च्या जुलैत स्थानिकांना खासगी नोकऱ्यांत राखीव जागा देणारं विधेयक राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलं आणि उद्योगांच्या विरोधानंतर थांबवलं. ते थांबलं हे बरं झालं. पण गुंडगिरी चूक आहे, एवढ्यावरून न शिकणं बरोबर ठरत नाही. २०२५ च्या मे महिन्यात शहराच्या कडेला चंदापुरात एका राष्ट्रीय बँकेच्या शाखेत अधिकाऱ्याने ग्राहकाशी कन्नड बोलायला ठाम नकार दिला. मुख्यमंत्र्यांनी निषेध केला, बदली झाली. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी बँकेच्या खिडकीपाशी हेच मराठीबाबत घडलं असतं तर आपण काय म्हटलं असतं?

आणि हे विचारण्याचा अधिकार कन्नड माणसाला आपणच दिलेला आहे. मुंबईतल्या दुकानांवर मराठी पाट्या लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरात दुकानदारांना सांगितलं आणि दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आपल्याला आनंद झाला. मलाही झाला. पहिलीपासून हिंदी आणणारा एप्रिल २०२५ चा शासन निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला, कारण महाराष्ट्र एका आवाजात बोलला. त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. ती चूकच होती, आणि तरीही मुंबईत राहणाऱ्याने मराठी शिकावं ही मागणी चूक ठरली नाही. मराठी शाळांत सक्तीची करणारा आपला कायदा २०२० चा. कर्नाटकाचा तसाच कायदा २०१५ चा. मग बंगळुरात मुलांच्या शाळेतल्या कन्नडविरुद्ध तक्रार करणारे मराठी पालक पुण्यात कुठल्या बाजूला उभे असतात? मुंबईत जे मागतो ते बंगळुरात नाकारायचं असेल, तर मुंबईतली आपली मागणी तत्त्वाची नाही, फक्त आपल्या सोयीची आहे, असं कुणी म्हटलं तर आपल्याकडे उत्तर नाही.

परक्या मुलखात भाषेचं काय करायचं, याचं उत्तर मुंबईत आलेल्या कानडी मुलुखाच्या माणसांनी फार पूर्वी दिलं. दक्षिण कन्नड जिल्ह्यातून दहा-बारा वर्षांची पोरं माटुंग्याच्या, फोर्टच्या हॉटेलांत टेबलं पुसायला आली. रात्रीच्या कन्नड शाळांत शिकली आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी मराठी बोलायला शिकली. गदगच्या भीमसेन जोशींनी मराठी अभंग घराघरांत नेले. त्यांचं कन्नड कुठे पुसलं गेलं?

मराठी घरातल्या आईवडिलांची भीती मात्र वेगळी आहे. घरात मराठीच टिकत नाही, त्यात कन्नड कशाला? ही भीती खोटी नाही, पण बोट चुकीच्या दिशेने आहे. बंगळुरातल्या मराठी मुलाच्या तोंडून मराठी काढून घेणारी भाषा कन्नड नाही. ते काम इंग्रजी करते, आणि सोसायटीच्या खेळाच्या मैदानावर हिंदी. जुन्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी कुटुंबं बाहेर कन्नड बोलतात आणि घरात त्यांची स्वतःच्या वळणाची मराठी अजून बोलली जाते. बंगळुरातल्याच मराठी घरात १९५० मध्ये जन्मलेला शिवाजीराव गायकवाड इथल्या बसमध्ये कंडक्टर होता. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि पुढे चेन्नईत तमिळ शिकून तो रजनीकांत झाला. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, आणि त्या दरबारात अनेक भाषांच्या कवींना मान होता, हे इतिहासकार राजवाड्यांनी संपादित केलेल्या त्याच ग्रंथातून कळतं. या शहराशी मराठी माणसाचं नातं आयटी कंपन्यांच्या आधी साडेतीनशे वर्षांचं आहे, आणि ते भाषा टाळून जुळलेलं नाही.

आता बेळगाव. १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी मुलखावर अन्याय झाला असं मी मानतो. १९६६ चा महाजन आयोग आला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, २००४ मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. इतक्या वर्षांत सीमाभागातल्या माणसाला मराठीत कागद मिळावेत, मराठी शाळा नीट चालाव्यात, यासाठी लढावं लागतं आहे, आणि कर्नाटक सरकारने भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क पाळले पाहिजेत. यात मी तसूभर मागे हटणार नाही. पण बेळगावचा मराठी माणूस कुठून आलेला नाही. तो जागच्या जागी राहिला, सीमा सरकली. व्हाइटफील्डचा मुलगा उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसून, नोकरीचं पत्र हातात घेऊन आला. दोघांना एका तराजूत घालणं हा बेळगावकरांवरच अन्याय आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेळगावची लढाई ज्या तत्त्वावर उभी आहे ते तत्त्वच आपण इथं मोडतो. मातीतल्या माणसाच्या भाषेचा मान सत्तेने आणि बाहेरून आलेल्याने राखावा, हे ते तत्त्व. बंगळुरात मातीतली भाषा कन्नड आहे. आपण तिला नाकारलं की बेळगावातला आपला युक्तिवाद दुबळा होतो. आणि सीमाभागातला मराठी माणूस स्वतः काय करतो? तो बहुधा कन्नड बोलतो, बाजारात बोलतो, कचेरीत बोलतो. त्याचा विरोध मराठी पुसण्याला आहे, कन्नड येण्याला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ मराठी-कन्नडवरून बस कंडक्टरला मारहाण झाली, मग दोन्ही राज्यांच्या बसवर हल्ले झाले, गाड्या बंद पडल्या, मार्चमध्ये कर्नाटक बंद झाला. तेव्हा सीमेवर ताटकळली ती बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला निघालेली माणसं, ज्यांना दोन्ही भाषा येतात. बेलंदूरच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांच्या दुःखाचं आपल्या आळसाला कारण करू नये.

धारवाडला १८९६ मध्ये जन्मलेले द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कन्नडचे थोर कवी झाले, त्यांना ज्ञानपीठ मिळालं, आणि त्यांनी मराठीतही लिहिलं. सोलापुरात कॉलेजात शिकवलं. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी राहिले आणि मराठी कथेला वेगळ्या उंचीवर घेऊन गेले. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी घरांत पोचल्या त्या बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे, आणि महाराष्ट्रात त्या मराठी लेखकाच्या म्हणून वाचाव्यात इतक्या आपुलकीने वाचल्या गेल्या. सीमाभागाने दोन भाषांत राहणं असं निभावलं आहे.

बंगळुरातली मराठी मंडळं गणेशोत्सवात पुण्या-मुंबईहून नाटकं आणि गायक बोलावतात, हजारांनी माणसं जमतात. त्याच सभागृहांत रविवारी सकाळी कन्नडचा वर्ग सुरू करायला काय हरकत आहे? शिक्षक बाहेरून आणायला नकोत. चिकपेटेतल्या जुन्या मराठी कुटुंबांत दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसं आहेत. लिपी पुढे शिकवावी. पहिल्या काही आठवड्यांचा अभ्यासक्रम घरकामाच्या मावशी, रिक्षावाले, रखवालदार आणि टँकरवाले यांना विचारून ठरवावा. आमच्याशी बोलताना तुमचं कुठे अडतं, हे आधी त्यांना विचारावं आणि तेवढी वाक्यं पहिल्यांदा शिकावीत.